वस्तादाचं वय : दांडपट्टा, केंडो आणि उतारवयातलं कसब

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की सोलापुरात बसून जपानी तलवारबाजीवर बोलायचं काय कारण? प्रश्न रास्त आहे. कारण सांगतो.

आपल्याकडच्या मिरवणुका तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. शिवजयंती असो, गणपती असो, तालमीतालमींचे लेझीमचे ताफे निघतात आणि मध्येच कुठंतरी गोल रिंगण करून काठी, बनेठी, पट्टा यांचे खेळ होतात. अशाच एका मिरवणुकीत आम्ही उभे होतो. वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा दोन्ही हातांत पट्टे घेऊन असा काही फिरत होता, की पाती दिसतच नव्हती, नुसता आवाज यायचा. लोक टाळ्या वाजवत होते, मोबाइल वर झाले होते. रिंगणाच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसलेले. डोक्याला फेटा, गुडघ्यावर हात. ते त्या तालमीचे वस्ताद, असं शेजारच्यानं सांगितलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. पोरगा घामाघूम होऊन बाहेर आला, त्यांच्या पाया पडला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हात चांगला हाय. पाय बघ."

या दोन वाक्यांवर आम्ही बरेच दिवस विचार केला. त्या वस्तादांना जे दिसलं, ते आम्हा शेकडो लोकांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं. आणि त्यांना ते दिसतं, हे मोजायची, नोंदवायची किंवा पुढं न्यायची कुठलीही रीत आपल्याकडे उरलेली नाही. मिरवणुकीत त्यांची जागा स्टुलावर. मग प्रश्न असा, की शस्त्रविद्येत माणूस म्हातारा झाला की त्याचं काय होतं? तो फक्त मान द्यायचा माणूस उरतो, की त्याच्या वयाचा त्या विद्येला काही उपयोग असतो? याचं एक अगदी ठाम उत्तर जपाननं दिलेलं आहे. म्हणून तिकडं जायचं, आणि परत इथंच यायचं.

आता थोडा इतिहास. 1868 साली जपानमध्ये मेजी राजवट सुरू झाली. सामुराई नावाचा शस्त्रधारी वर्ग सरकारनं हळूहळू मोडीत काढला. 1876 मध्ये हुकूम निघाला, की सैन्य, पोलीस आणि काही अधिकारी सोडले तर कुणीही कमरेला तलवार लावून फिरायचं नाही. या सालाच्या शेजारी आपलं साल ठेवून बघा. 1878 मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानात शस्त्रकायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. नुसती बंदूक नव्हे, तलवार आणि भालासुद्धा. अवघ्या दोन वर्षांच्या अंतरानं दोन्ही देशांतल्या तलवारी भिंतीवर गेल्या. फरक एवढाच, की तिकडं ते स्वतःच्या सरकारनं केलं आणि इकडं परक्या सरकारनं. पुढची सगळी गोष्ट या फरकातून निघते.

तलवार गेली, पण ती चालवायला शिकवणारी माणसं तर होती. ती उपाशी पडली. साकाकिबारा केन्किची नावाचा एक नामांकित तलवारबाज होता. त्यानं 1873 मध्ये तोक्योत तिकीट लावून तलवारबाजीच्या लढती भरवायला सुरुवात केली. कुस्तीच्या फडासारखा फड, पुकारे, गर्दी. म्हणजे बघा, त्यांच्याकडेही ही विद्या आधी खेळ-तमाशाच्याच वाटेनं जगली. त्याबद्दल नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण त्या तिकिटांवर काही घरांच्या चुली पेटल्या, हे विसरता येत नाही.

मग 1877 मध्ये सात्सुमाचं बंड झालं. त्यात पोलिसांच्या तलवारधारी तुकडीनं मोठं काम केलं आणि सरकारला वाटलं, ही विद्या अगदीच टाकाऊ नाही. तोक्योच्या पोलीस खात्यानं जुन्या तलवारबाजांना शिक्षक म्हणून घ्यायला सुरुवात केली. पगार मिळाला, जागा मिळाली. 1895 मध्ये क्योतोला 'दाई निप्पोन बुतोकुकाई' ही संस्था निघाली. तिनं वेगवेगळ्या घराण्यांच्या पद्धती एका छताखाली आणल्या. 1911 पासून माध्यमिक शाळांत तलवारबाजी शिकवायला परवानगी मिळाली, 1912 मध्ये घराण्यांच्या पलीकडचे सामाईक 'काता', म्हणजे जोडीनं करायचे ठरावीक डाव, ठरले. यातून आजचा केंडो उभा राहिला.

आपल्याकडे त्याच काळात पोलिसाच्या हाती काय होतं? लाठी. पण ती विद्या म्हणून नव्हे, जमावाच्या पाठीवर घालायला. लाठी तीच, पण ती शिकवणारा वस्ताद सरकारी पगारावर नव्हता. उलट, तो सरकारच्या नजरेत संशयित होता.

आता केंडोत करतात काय, ते थोडक्यात सांगतो, कारण तंत्र समजल्याशिवाय वयाचा मुद्दा कळणार नाही. खरी तलवार नसते. बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधून केलेली 'शिनाई' असते. मोठ्या माणसाची शिनाई जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर लांब असते आणि पुरुषांच्या स्पर्धेत तिचं वजन किमान 510 ग्रॅम भरावं लागतं. तोंडावर जाळीचं शिरस्त्राण, हातांत जाड मोजे, छाती-पोटावर कवच. हे शिनाई आणि चिलखत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारून रूढ झालं. त्यामुळे एक मोठी गोष्ट घडली. समोरच्याला खरोखर, पूर्ण जोरानं मारता येऊ लागलं आणि तरी कुणी मरत नव्हतं. मारायच्या जागा मोजून चार. डोकं, मनगट, धड आणि गळा.

पण नुसता फटका लागला म्हणजे गुण मिळत नाही. फटका शिनाईच्या ठरावीक भागानं बसला पाहिजे, पात्याची दिशा बरोबर हवी, शरीर ताठ हवं, आणि आवाज, हत्यार व पाऊल तिन्ही एकाच क्षणी पडायला हवीत. याला ते 'की-केन-ताई' म्हणतात. फटका बसल्यावरही सावधपणा सुटता कामा नये. त्याला 'झानशिन' म्हणतात. गुण मिळाल्यावर कुणी आनंदानं मूठ उंचावली, तर तो मिळालेला गुण काढून घेतला जाऊ शकतो. आपल्या क्रिकेटवाल्यांना हे ऐकून धक्का बसेल.

आता श्रेणीकडे येऊ. 'डॅन' हा शब्द आपल्याकडे कराटेच्या क्लासमुळे घराघरांत पोचलाय. दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी, नवा पट्टा, आणि सातवी-आठवीतलं पोर ब्लॅक बेल्ट होऊन घरी येतं. हसायचं कारण नाही, मुलं त्यामुळे टिकतात. मुळात ही पद्धत युद्धकलांत आणली ज्युडोच्या कानो जिगोरोनं, 1883 मध्ये. त्याआधी गुरू घराण्याचे दाखले द्यायचे, गुंडाळ्या द्यायचे, आणि शेवटचा दाखला म्हणजे सगळी विद्या दिली असा परवाना. एका दाखल्यापासून दुसऱ्यापर्यंत वर्षानुवर्षं जायची. कानोनं मधे पायऱ्या घातल्या. ही पायऱ्यांची पद्धत पुढं केंडोनंही उचलली.

पण केंडोनं तिचं काय केलं, हे ध्यानात घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यात केंडोवर बंदी आली, बुतोकुकाई 1946 मध्ये विसर्जित झाली. 1952 मध्ये अखिल जपान केंडो महासंघ निघाला आणि त्याच्या आजच्या नियमांत प्रत्येक पायरीमागे एक सक्तीची वाट पाहणी आहे. पहिला डॅन वयाच्या तेराव्या वर्षापासून. दुसऱ्यासाठी एक वर्ष थांबायचं, तिसऱ्यासाठी दोन, चौथ्यासाठी तीन, पाचव्यासाठी चार, सहाव्यासाठी पाच, सातव्यासाठी सहा. आणि सातव्या डॅनवरून आठव्याला बसायचं तर दहा वर्षं. शिवाय वय किमान शेहेचाळीस पूर्ण हवं. आता बेरीज करा. एखादा मुलगा तेराव्या वर्षी सुरू झाला आणि एकाही परीक्षेत नापास झाला नाही, तरी तो सातव्या डॅनला पोचतो चौतिसाव्या वर्षी. त्यावर दहा म्हणजे चव्वेचाळीस. तरीही दार बंद. आणखी दोन वर्षं थांब.

दार उघडल्यावरही गंमत संपत नाही. आठव्या डॅनच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असतं. साठी-सत्तरीतले लोक पुन्हापुन्हा बसतात. नववा आणि दहावा डॅन महासंघानं 2000 साली द्यायचे बंद केले. म्हणजे आज याहून वर पायरीच नाही. आणि परीक्षेत बघतात काय? दोन-दोन मिनिटांच्या लढती. त्यात कोण जिंकलं हे मोजत नाहीत. उभं राहणं, संधी ओळखणं, समोरच्याच्या मनावर दाब आणणं, आणि नको तो फटका न मारणं, हे बघतात.

आता वय या गोष्टीत कुठं बसतं? शरीराचं गणित सरळ आहे. तिशीनंतर वेग उतरतो, पोटरी आणि घोटा कुरकुरायला लागतात. केंडोत डाव्या पायानं शरीर पुढं ढकलायचं असतं, त्यामुळे टाचेमागची जाड शीर तुटणं ही मध्यमवयीन खेळाडूंची ठरलेली दुखापत आहे. म्हणजे नुसत्या वेगावर खेळणाऱ्याचं आयुष्य छोटं. मग सत्तरीतला माणूस पंचविशीतल्याला कसा रोखतो? तो समोरच्याच्या आधी मधली रेष ताब्यात घेतो. शिनाईचं टोक गळ्याच्या दिशेला धरून अर्धं पाऊल पुढं येतो. समोरच्याला वाटतं, आता आलाच, आणि तो गडबडून हलतो. तो हलला की संपलं. म्हाताऱ्याचा फटका मंद असतो, पण तो आधीच निघालेला असतो. मोचिदा मोरिजी नावाचे दहाव्या डॅनचे एक थोर शिक्षक होऊन गेले, 1885 ते 1974. 1929 मध्ये सम्राटापुढं झालेली स्पर्धा त्यांनी जिंकली होती, पण त्यांची खरी कीर्ती म्हातारपणातली. उतारवयातही चांगल्या चांगल्या तरुण शिक्षकांना ते हात लावू देत नसत, असं सांगतात.

तर जपाननं दिलेलं उत्तर हे. म्हातारपण हा विद्येचा शेवट नाही, ती विद्येची वरची इयत्ता आहे, आणि तिच्यात तरुणाला प्रवेशच नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपलं हत्यार म्हणजे पट्टा. सरळ, लांब, लवचिक पातं, दोन्ही बाजूंना धार. मुठीच्या जागी खोबळा, म्हणजे कोपराकडे जाणारा लोखंडी हातमोजा. त्याच्या आत आडवी मूठ असते. हात आत गेला की मनगट बंद. आता तलवारीचं सगळं नाजूक काम मनगटावर चालतं, आणि इथं मनगटच नाही. मग पट्टा कशानं चालतो? खांद्यानं, कमरेनं, आणि सगळ्यांत जास्त पायानं. प्रत्येक वाराबरोबर पाऊल पडायला हवं, नाहीतर ते लवचिक पातं उलटून तुमच्याच अंगावर येतं. यालाच पवित्रा म्हणतात. त्या वस्तादांनी पोराला "पाय बघ" का म्हटलं, ते आता ध्यानात आलं असेल. पोराचा हात वेगानं फिरत होता, पाय मागून येत होते. विशीत ते खपतं. चाळिशीत खांदा जातो.

आणि परीक्षा? आपल्याकडे परीक्षाच नव्हती, असं म्हणणं चूक ठरेल. लिंबू हीच परीक्षा होती. जमिनीवर ठेवलेलं लिंबू काप, मग तळहातावरचं, मग मानेवरचं. लिंबाचे दोन तुकडे व्हायला हवेत आणि खालच्या माणसाच्या कातडीला ओरखडा नको. यात वेगाला शून्य गुण आहेत. अंतर, नजर आणि हात थांबवायची ताकद, यांचे सगळे गुण. जपानी माणसाला विचारलं तर तो म्हणेल, ही आमच्या वरच्या डॅनची परीक्षा आहे.

शिवाय आपल्याकडे शिनाईसुद्धा होती. फरी-गदगा. गदगा म्हणजे कातडं चढवलेली काठी, तलवारीच्या जागी. फरी म्हणजे छोटी गादीदार ढाल. दोघं समोरासमोर उभे राहून खरोखर खेळायचे. वारांची नावं ठरलेली होती. शिर, तमाचा, बाहेरा, कमर. डोकं, एक गाल, दुसरी बाजू, कंबर. केंडोच्या चार जागांशी ताडून बघा. म्हणजे सुरक्षितपणे पूर्ण जोरानं खेळायचं साधन आपल्याकडे तयार होतं. शीख परंपरेतला गतका आजही जोडीनं खेळतात. आपल्याकडे मात्र मिरवणुकीत एकट्यानं फिरवायचा पट्टा उरला, आणि दोघांनी खेळायचा गदगा मागं पडला. आमच्या मते सगळ्यांत मोठं नुकसान हे झालं. कारण एकट्याच्या फिरवण्यात वेग दिसतो, आणि वेग तरुणाचा असतो. म्हाताऱ्याचं कसब दिसायला समोर दुसरा माणूस लागतो.

आपली श्रेणी म्हणजे 'वस्ताद' हा एकच शब्द. त्याला कागद नव्हता. नारळ, फेटा आणि गावाची मान्यता. पण या शब्दात वय आणि कसब एकत्र होतं, याचा सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे लहुजी वस्ताद साळवे. जन्म 1794, मृत्यू 1881. मातंग समाजातला हा माणूस पुण्यात गंज पेठेत तालीम चालवत होता. 1840 च्या दशकात जोतीराव फुले तिथं दांडपट्टा शिकायला जायचे. तेव्हा लहुजींनी पन्नाशी गाठली होती. पुढं वासुदेव बळवंत फडके त्यांच्याकडे गेले. वासुदेव बळवंतांचा जन्म 1845 चा, ते नोकरीसाठी पुण्यात आले 1860 च्या दशकात. म्हणजे लहुजी तेव्हा सत्तरीच्या आसपास. सत्तरीचा वस्ताद पंचविशीच्या आतल्या माणसाला हत्यार शिकवतोय, आणि शिकणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. आठव्या डॅनची अट यापेक्षा वेगळं काय सांगते?

आणि एक गोष्ट इथं स्पष्ट बोलायला हवी. फुल्यांबद्दल, फडक्यांबद्दल आपल्याला ढीगभर कागद मिळतात. लहुजी शिकवत होते काय, कुठला पवित्रा आधी, कुठला नंतर, शिष्य तयार झाला हे ते कशावरून ठरवत, याबद्दल जवळजवळ काही लिहिलेलं नाही. ही विद्या ज्यांच्या हातात होती त्यांतल्या बहुतेकांच्या हातात लेखणी नव्हती, किंवा ती पोचू दिली नव्हती. प्रतापगडावर 1659 मध्ये जिवा महालानं सय्यद बंडाचा वार अडवला, त्याची म्हण झाली. होता जिवा म्हणून वाचला शिवा. म्हण आपण पाठ केली, पण जिवाला शिकवलं कुणी, हे कुणाला ठाऊक?

नंतर लिहिणारे आले. बडोद्यात जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून संघव्यायामाची पद्धत घडवली, आज्ञा देशी भाषेत आणल्या. अमरावतीला 1914 मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्यांचा चमू 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी व्यायाम दाखवून आला. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' काढला, दहा खंडांत. काठी, फरी-गदगा, पट्टा, मल्लखांब सगळं चित्रांसकट त्यात आलं. हे काम प्रचंड आहे. आज आपण जे बोलू शकतो ते या लोकांच्या जिवावर.

पण त्या काळाची गरज वेगळी होती. देश गुलाम, तरुण किडकिडीत. शंभर, पाचशे, हजार मुलांना एका शिट्टीवर एकसारखं हलवायचं होतं. त्यामुळे भर पडला समूहावर, कवायतीवर, तरुणांवर. सत्तरीतला माणूस अधिक चांगला कसा होत जाईल, हा प्रश्न तेव्हा कुणापुढं नव्हताच. स्वातंत्र्याची लढाई चालू असताना कोण विचारणार?

आपल्या सोलापूरचंही तसंच. इथं 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली, मग एकेक गिरणी उभी राहिली आणि हे गाव भोंग्यावर चालायला लागलं. भोंग्याच्या आधी पहाटे नाहीतर पाळी सुटल्यावर संध्याकाळी, पोरं तालमीत. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी सगळी. 1930 मध्ये या गावानं जे केलं, ज्यापायी मार्शल लॉ लागला आणि 1931 च्या जानेवारीत आपले चार हुतात्मे फासावर गेले, ते करणारी जनता याच गल्ल्यांतली होती. आपलं लेझीम घ्या. मुळात ते धनुष्याच्या सरावाचं साधन, धनुष्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावून केलेलं. हत्याराचा सराव ढोल-हलगीच्या तालावर आला आणि सोलापूरची ओळख झाला. यात वाईट काही नाही. पण तालात सगळे एकसारखे हलतात, आणि एकसारखं हलायला तरुण गुडघे लागतात. गिरण्या बंद पडल्या तशी भोंग्याबरोबरची ती रोजची वेळही मोडली. ज्यांनी तीस-तीस वर्षं सराव केला, ते पन्नाशीत एकदम काम आणि तालीम दोन्हींच्या बाहेर पडले.

आता आजचं चित्र बघू. 19 फेब्रुवारी 2024 ला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाल्याची घोषणा झाली. आनंद वाटला. त्याआधी खेलो इंडिया युवा स्पर्धांत गतका, मल्लखांब, कळरिपयट्टू आणि थांग-टा हे देशी खेळ आले. तोही आनंदच. पण नीट बघा. ही युवा स्पर्धा आहे, म्हणजे वयाला वरची मर्यादा. त्यापलीकडे प्रवेश नाही. केंडोच्या परीक्षेत मर्यादा खालून आहे, इतक्या वयाच्या आत प्रवेश नाही. एकाच जातीच्या दोन विद्या, पण एकीचं दार तरुणपणी बंद होतं आणि दुसरीचं म्हातारपणी उघडतं.

2020 च्या टाळेबंदीत पुण्याच्या रस्त्यावर काठी फिरवणाऱ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजींचा व्हिडिओ तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. डोंबारी समाजातल्या. नातवंडांच्या पोटासाठी त्या रस्त्यावर उतरल्या होत्या. सगळ्या देशानं कौतुक केलं. "या वयात!" असं म्हणत केलं. आमचं म्हणणं एवढंच, की "या वयात" या शब्दांत आपली सगळी अडचण आहे. त्या आजींचं मनगट कसं चालतं, काठी कुठं धरतात, लहानपणापासून काय करत आल्या म्हणून ते टिकलं, हे किती जणांनी विचारलं? आपण नवल केलं आणि पुढचा व्हिडिओ लावला.

कुणाला वाटेल, आम्ही जपानची पद्धत जशीच्या तशी आणा म्हणतोय. तसं नाही. श्रेणीपद्धतीचे दोष त्यांनीच भोगलेत. युद्धाच्या वर्षांत हीच शाळांमधली तलवारबाजी सैन्यासाठी मुलं तयार करायला जुंपली गेली, म्हणूनच नंतर बंदी आली. आणि 2018 मध्ये उघड झालं, की तलवार उपसण्याच्या 'इआइदो' या शाखेत, जी त्याच महासंघाखाली येते, वरच्या श्रेणीच्या परीक्षांत परीक्षकांना पैसे चारले जात होते. जिथं प्रमाणपत्राला मान आहे तिथं प्रमाणपत्राचा बाजारही होतो. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवाय आपल्याकडे परीक्षक कोण बसणार, हा प्रश्न येईल. ज्यांच्या घरात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या राहिली तेच उमेदवार म्हणून उभे, आणि कालपरवा शिकलेले टेबलामागं, असं झालं तर लहुजींच्या बाबतीत जे झालं तेच परत.

मग करायचं काय? आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, क्रीडाधोरण ठरवणारे नव्हे. पण इतिहासातून तीन साध्या गोष्टी दिसतात, त्या सांगतो.

एक, जोडीचा खेळ परत आणायला हवा. फरी-गदगा. कातडं, काठी आणि दोन माणसं, एवढंच लागतं. ज्ञानकोशात तो लिहून ठेवलेला आहे. जोडी परत आली की म्हाताऱ्या वस्तादाला स्टुलावरून उठायला कारण मिळेल. त्याला उड्या मारायच्या नाहीत, अर्धं पाऊल पुढं यायचंय.

दोन, लिंबाला पुन्हा परीक्षेचा मान द्यायला हवा. आज लिंबू मिरवणुकीतलं शेवटचं आकर्षण झालंय. ते वर्षातून एकदा, तालमीच्या आत, टाळ्यांशिवाय व्हावं, आणि ज्यानं दहा वर्षं सराव केलाय त्यालाच ते कापायला मिळावं. थांबायला लावणं हाच शिकवण्याचा भाग आहे, हे केंडोचं गणित आपल्याला परकं नाही. आपले वस्तादही पोराला वर्ष-वर्ष नुसता पवित्रा घोटवायचे.

आणि तिसरी गोष्ट तातडीची आहे. आज जे वस्ताद सत्तरी-ऐंशीत आहेत ते काय बघतात, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यायला हवं. ते स्वतः पट्टा फिरवतायत याचं चित्रण नको. तरुण फिरवत असताना त्यांना शेजारी बसवा आणि विचारा, काय चुकलं? "पाय बघ" म्हणजे नेमकं काय? कुठला पाय, कधी, किती उशिरा? हे ज्ञान हातात नाही, नजरेत आहे, आणि ते त्यांच्याबरोबर जातं.

त्या मिरवणुकीनंतर आम्ही त्या वस्तादांना गाठलं होतं. विचारलं, पाय म्हणजे काय ते जरा दाखवता का? ते उठले. गुडघ्याला हात लावून, सावकाश. हातात काही घेतलं नाही. रिकामा हात खांद्यातून एकदा फिरवला आणि त्याबरोबर डावं पाऊल टेकवलं. एकदाच. मग म्हणाले, "पोराला वाटतं हातानं पट्टा फिरतो. मलाबी वाटायचं, चाळिशीपर्यंत." आणि परत बसले.

तुमच्या पेठेत, तुमच्या तालमीत असे कुणी असतील, तर आम्हाला जरूर सांगा. आम्ही येऊ. आता प्रश्न घेऊ या.